ल मॉर्नच्या पायथ्याशी: प्रकल्प नोंदी

8 जुलै, ला गोलेत

आजपासून काम सुरू. मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर ल मॉर्न ब्राबाँ उभा आहे. उंची 556 मीटर, सगळा काळा पाषाण, आणि कडे असे तुटलेले की वर माणूस राहत असेल हे खालून कुणाच्या मनातही येऊ नये. म्हणूनच तो निवडला गेला. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या काही दशकांत मालकांकडून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत आणि माथ्यावर राहिले. त्यांना इथे मारून म्हणतात. 2008 साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला. गाभा साधारण 349 हेक्टरांचा, भोवतालचं संरक्षक क्षेत्र 2,400 हेक्टरांच्या घरात. प्रवाळाच्या रांगेआतला उथळ समुद्रही त्यातच येतो.

आमच्या छोट्या तुकडीकडे तीन कामं आहेत: चढणीच्या वाटेची धूप थांबवणं, पायथ्याच्या उतारावर मूळची झाडं परत आणणं, आणि डोंगरावरून काय दिसतं, डोंगर कुठून कुठून दिसतो याची पक्की नोंद करणं. तिसरं काम कागदावर सगळ्यात हलकं वाटतं. माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे.

कोकणातल्या किल्ल्यांवर काम करताना तट, बुरूज, टाकं, चौथरा असं काहीतरी हाताला लागायचं. निखळलेला चिरा उचलून जागी बसवला की दिवस सार्थकी लागायचा. इथे बसवायला चिराच नाही. पळून आलेल्या माणसांचं जगणं मागे खूण न ठेवण्यावर अवलंबून होतं. धूर दिसला की पलटण येणार. एका कपारीत राख आणि मेंढीची हाडं मिळाली, तेवढीच काय ती चुलीची साक्ष. बाकी त्यांनी जे वापरलं ते जागच्या जागी आहे: उतार, कडा, झुडपांचा आडोसा, आणि कुणी येत असेल तर ते फार आधी दिसावं अशी उंची. जपायचं ते हे. त्यामुळे आमचं निम्मं काम काही न बांधण्याचं, आणि दुसऱ्यालाही बांधू न देण्याचं आहे.

11 जुलै

आज कागदांचा दिवस. जुने दस्तऐवज आणि त्यांवरचा अभ्यास वाचून टिपणं काढली.

डचांचा गव्हर्नर आड्रियान व्हान डेर स्टेल 1639 साली इथे आला. जावाहून सांबराच्या जातकुळीतली हरणं त्याने आणली, ऊसही त्याच्याच कारकिर्दीत आला. मादागास्करहून गुलामांची पहिली मोठी खेप आणणाराही तोच. 1642च्या सुमाराची गोष्ट. शंभरावर माणसं होती. त्यांतली जवळपास निम्मी थोड्याच आठवड्यांत रानात पसार झाली. म्हणजे या बेटावर गुलामगिरी आणि तिला दिलेला नकार एकाच वयाचे आहेत.

डच 1710 साली निघून गेले. पुढे फ्रेंच आले आणि 1723 साली त्यांनी गुलामांसाठीचा कायदा लागू केला. शिक्षा त्यात पायरीपायरीने लिहिल्या आहेत. महिनाभर फरार राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा मृत्यू. हे वाचताना मी पुन्हापुन्हा दुसऱ्या पायरीवर अडकते. ज्याला पळून सापडल्यावर काय होतं ते ठाऊक होतं, अंगावर डाग होता, तोही पुन्हा पळत होता.

मारून म्हणजे चार-दोन धाडसी माणसं, अशी समजूत सहज होते. ती खरी नाही. इंग्रजांनी 1810 साली बेट घेतल्यानंतर, 1820च्या दशकाच्या सुरुवातीला, दरवर्षी दहा गुलामांमागे एकाहून जास्त जण पळाल्याची नोंद होत होती. बरेच जण पकडले जात, काही थोड्या दिवसांनी परतत, काही कधीच परतले नाहीत. मोझांबिक, मादागास्कर, पूर्व आफ्रिका अशा ठिकाणांहून आणलेली ही माणसं. बंगाल, पाँडिचेरी आणि मलबारकडून आणलेले हिंदी गुलामही त्यांत होते. मजुरांची जहाजं येण्याच्या कितीतरी आधी भारतातली माणसं इथे साखळदंडात आली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

19 जुलै

पहाटे वर. वाट 2016 साली सर्वांसाठी खुली झाली. त्याआधी जमीन खाजगी असल्यामुळे परवानगीशिवाय जाता येत नसे. पहिला टप्पा रुंद आणि सोपा. पुढे हात टेकत, खडकाला धरत चढायचं. लोखंडी क्रूसापाशी वाट संपते. खरा माथा त्याहून वर आणि आत आहे, आणि मध्ये ती प्रसिद्ध खाच. पूर्वी तिच्यावर एक ओंडका टाकलेला असे, पलीकडे गेल्यावर तो ओढून घेत, असं गावात सांगतात. आमच्याबरोबर गावातले एक वयस्क वाटाडे होते. सगळे त्यांना तोंतों म्हणतात, मीही म्हणते. ते म्हणाले, "ज्याच्याकडे फक्त एवढंच होतं, त्याने ते नीट सांभाळलं."

कड्यावर त्रोकेशिया बुतोनियाना फुललेली दिसली. हे मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, 1992 साली ठरवलेलं. जंगली अवस्थेत ते जगात फक्त याच डोंगरावर आहे. लालभडक, मान खाली घालून लोंबणारं, भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं. आतला मध चक्क रंगीत असतो आणि तो खायला हिरव्या पाली येतात. फांदीला हात न लावता बराच वेळ पाहत बसलो. पाल आली, डोकं आत घातलं, कपाळावर परागाचा पिवळा डाग घेऊन निघाली. दगडाच्या भेगेत मूठभर मातीवर हे झुडूप उभं आहे. शेजारून कुणी चढताना पाय घसरला की झुडपालाच हात घालणार. वाटेची आखणी इथे दोन हात बाजूला घेतली पाहिजे, हे तिथेच ठरलं.

जास्वंदीचं आणखी एक नातलग इथे आहे, स्थानिक नाव मांद्रिनेत. ल मॉर्न आणि कोर द गार्द या दोनच डोंगरांवर ते उरलं आहे, झाडं डझनांत मोजावीत इतकीच. त्याला एक धोका आपल्या ओळखीच्या जास्वंदीचा आहे. बागेतल्या जास्वंदीशी संकर होतो आणि मूळ जात हळूहळू पातळ होत जाते. पायथ्याच्या हॉटेलांना आणि गावातल्या घरांना जास्वंद लावू नका अशी विनंती करायची आहे. मराठी बाईला ही विनंती करणं जड जातं, पण करणार.

2 ऑगस्ट

वाटेचं काम. पावसाचं पाणी वाटेलाच ओहोळ समजून उतरतं आणि मध्ये घळ पाडतं. लोक घळ टाळायला कडेने चालतात, वाट रुंदावते, झुडूप मरतं. तिरपे चर काढून पाणी ठराविक अंतरावर बाहेर काढायचं, चराच्या तोंडाशी दगड रचायचे. सिमेंट नाही. पायऱ्या नाहीत. कठडा लावा अशी सूचना एका पर्यटन व्यावसायिकाकडून आली होती, ती आम्ही नाकारली. चढण अवघड आहे ही या जागेची उणीव नाही, तिच्या इतिहासाचा तो गाभा आहे.

अडचण एकच: टिकाव कुठेही मारता येत नाही. ठरलेल्या खोलीपेक्षा खाली जायचं तर पुरातत्त्वाचा माणूस हजर हवा. त्यामुळे गती मंद आहे, आणि तशीच हवी.

23 ऑगस्ट

पायथ्याचा उतार साफ करतोय. सुबाभूळ, घाणेरी, घायपाताचा भाऊबंद फुर्क्रेया. पश्चिमेच्या या कोरड्या पट्ट्यात आपल्याकडची माधवलताही माजली आहे. आपण जिला मांडवावर कौतुकाने चढवतो, ती इथे आख्खी झाडं झाकून टाकते. सुबाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते. बुंधा तासून, सालीवर औषध लावून, वर्षभर लक्ष ठेवावं लागतं.

जागा मोकळी झाली की लाटानियाचे ताड, बेंझवॅं (आपल्या ऐन-अर्जुनाच्या कुळातला) आणि रानातली इतर मूळची झाडं लावायची. रोपं हरणं खातात. व्हान डेर स्टेलच्या हरणांचीच ही पिलावळ. कुंपण घालावं तर डोंगराच्या दृश्यात ते आडवं येतं. शेवटी प्रत्येक रोपाला स्वतंत्र, बुटका, काढून नेता येईल असा जाळीचा पिंजरा करायचं ठरलं. खर्च जास्त, डोळ्याला त्रास कमी.

9 सप्टेंबर

गणपतीची सुट्टी, इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. जिल्ह्यातल्या एका मराठी घरी जेवायला बोलावलं होतं. घरात क्रिओल बोलतात, आरती मात्र मराठीत. रात्री झाकरी झाली, आपल्या कोकणातली जाखडीच. मृदंगाच्या ठेक्यावर गोल धरून नाचणारी पोरं मराठी शाळेत शिकलेली.

घरच्या काकूंनी माझं काम विचारलं. मी सांगितलं तसं त्या म्हणाल्या, "बाय, आमचे लोक नंतर आले. त्या डोंगरावरच्यांची जागा रिकामी झाली म्हणून आम्हाला आणलं."

इतक्या थेट शब्दांत हे मी कुठे ऐकलं नव्हतं. 1 फेब्रुवारी 1835 रोजी इथे गुलामगिरी संपली. सुमारे 66 हजार माणसं कायद्याने मुक्त झाली, पण 1839पर्यंत त्यांना 'उमेदवार' म्हणून जुन्याच मालकांकडे राबावं लागलं. मालकांना ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई दिली. राबणाऱ्यांना एक पैही नाही. आणि 1834पासूनच करारावर हिंदुस्थानी मजूर उतरवायला सुरुवात झाली होती. बिहारी, तमिळ, तेलुगू, आणि रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्या मजुरांची आठवण सांगतो, ल मॉर्न त्यांच्या आधीच्यांची. 2006 आणि 2008, दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही जागतिक यादीत गेले. आपले पर्यटक घाटावर जातात, नमस्कार करतात. ल मॉर्नला मात्र ते पाण्याखालच्या धबधब्याचा भास पाहायला हेलिकॉप्टरने येतात आणि डोंगराचं नाव न विचारता परततात. मराठी माहितीपत्रक करायचं माझ्या यादीत नव्हतं, आता आहे. काकूंनी मजकूर तपासून द्यायचं कबूल केलंय.

14 ऑक्टोबर

पायथ्याजवळच्या जुन्या दफनभूमीची पाहणी. काळ्या दगडांच्या बुटक्या चौकटी, काही नीट रचलेल्या, काही जेमतेम ओळखू येणाऱ्या. इथे 2010च्या आसपास शास्त्रीय उत्खनन झालं. मातीचे पाइप, नाणी, बाटल्या सापडल्या. हाडांच्या तपासणीतून मोझांबिक आणि मादागास्करशी नातं दिसलं. पुरणाऱ्यांनी मेलेल्या माणसाबरोबर तंबाखूचा पाइपही ठेवला होता. ज्यांची नोंद मालकाच्या वहीत गुरांच्या शेजारी व्हायची, त्यांना त्यांच्या माणसांनी कुणाला काय आवडत होतं ते आठवून मातीत ठेवलं.

आमच्या वाट्याला इथे फार थोडं काम: सुरूची मुळं दगडांखाली शिरताहेत ती थोपवणं. समुद्रकाठी वारा अडवायला लावलेली सुरूची रांग कोकणातल्यासारखीच आहे आणि तितकीच हट्टी. झाड उपटलं तर मुळाबरोबर थडगं उचकटेल. म्हणून जमिनीसपाट कापून बुंधा तिथेच कुजू द्यायचा.

21 नोव्हेंबर

गावात बैठक. आज बरंच लिहायचंय.

संरक्षक क्षेत्रात समुद्राकडून दिसेल अशा जागी एक खाजगी बांधकाम प्रस्तावित आहे. मालकाचा माणूस आराखडा घेऊन आला होता. उंची नियमात बसते, छप्पर गवताचं, रंग मातकट. कागदावर चूक काढता येणार नाही असं सगळं. मी आमचे फोटो लावले: माथ्याजवळच्या टप्प्यावरून लगूनकडे, म्हणजे प्रवाळाआतल्या उथळ समुद्राकडे, पाहताना ती जागा बरोबर मध्यभागी येते. मारून लोक टेहळणीला जिथून पाहत असतील तिथून आज पहिल्यांदा एक गच्ची दिसेल.

मग लोक बोलले, आणि ते आमच्या बाजूने सरळसरळ बोलले नाहीत. एक बाई उठल्या. म्हणाल्या, मुलाच्या लग्नाला घरावर एक खोली चढवायची तर आम्हाला वर्षानुवर्षं परवानगी मिळत नाही, आणि किनाऱ्यावर मोठमोठी हॉटेलं उभी आहेत. वारसा आमचा, बंधनं आमची, आणि समुद्र बघायचा तर आम्ही फाटकाबाहेरून बघायचा. टाळ्या पडल्या. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

तोंतों शेवटी बोलले. त्यांची आई डोंगराच्या पायथ्याशी त्रू शनी नावाच्या वस्तीत जन्मली. मुक्त झालेल्या गुलामांची ती वस्ती; गेल्या शतकाच्या मध्याच्या आसपास लोकांना तिथून हलवलं आणि आजचं गाव वसलं. ते म्हणाले, "आईला एकदा हलवलं. डोंगराच्या नावाने तुम्ही मला हलवणार असाल तर डोंगर तुमचा. मला राहू देणार असाल तर मी राखतो." त्यांच्यानंतर कुणी बोललं नाही, बैठक तिथेच उठली.

माझं मत मी अहवालात स्पष्ट लिहिणार आहे. या जागेला जागतिक मान्यता मिळाली ती मौखिक परंपरेच्या बळावर. 1835 साली शिपाई स्वातंत्र्याची बातमी घेऊन आले, वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही कथा कुठल्या सरकारी कागदाने नाही, इथल्या घरांनी सांभाळली. ती घरंच महागाईने आणि परवानग्यांनी गाव सोडून गेली तर दृश्य राखून काय मिळवलं? तेव्हा दोन गोष्टी एकत्रच मागायच्या. समुद्राकडच्या दृश्यरेषेत नवं बांधकाम नको. आणि गावठाणातल्या घरांना, जिथे उंचीमुळे डोंगर झाकला जात नाही हे नकाशावर दाखवता येतं, तिथे वेगळा, झटपट परवाना हवा. आमच्याकडे नकाशा आहे, तर तो बंदीसाठी वापरला तसा मुभेसाठीही वापरला पाहिजे.

16 जानेवारी

वर्ग तीनचा वादळाचा इशारा होता, काल उठला. वाटेवर फिरून आलो. तिरप्या चरांनी पाणी बाहेर काढलं, घळ वाढली नाही. दोन ठिकाणी दगड वाहून गेले, परत रचू. पिंजऱ्यांतली बरीचशी रोपं तगली. लाटानिया सगळ्यात चिवट.

1 फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस, स्मरणाचा दिवस. पायथ्याशी 2009 साली उभारलेल्या गुलाममार्ग स्मारकापाशी पहाटेपासून गर्दी. मध्ये मोठी शिळा, भोवती गुलामांच्या वाटेवरच्या देशांची शिल्पं. पुढारी आले, फुलं वाहिली, भाषणं झाली.

मग जाळ पेटला आणि बकऱ्याच्या कातड्याचे रवान त्यावर शेकायला धरले. रवान मोठ्या डफासारखं दिसतं, आणि कातडं तापल्याशिवाय त्यातून नीट आवाज निघत नाही. सेगा तिपिक. गुलामांच्या छावण्यांत जन्मलेलं हे गाणं-नाचणं 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. नोव्हेंबरच्या बैठकीत उठून बोललेल्या बाई पुढे नाचत होत्या. तोंतोंच्या नातीने उडीची कथा सांगितली, आणि तिच्या कथेत शिपायांना परत जाताना वाट सापडत नाही. हा भाग मी याआधी ऐकला नव्हता. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण केलं. काकूही झाकरीच्या पोरांना घेऊन आल्या होत्या. मराठी माहितीपत्रकाच्या प्रती त्यांनीच वाटल्या.

7 फेब्रुवारी

अहवाल गेला. बांधकामाच्या प्रस्तावावर निर्णय व्हायचा आहे. त्याचा वारशावर काय परिणाम होईल याची स्वतंत्र तपासणी मागितली आहे. दृश्यांच्या नकाशात आमच्या ठिकाणांबरोबर गावाने सुचवलेली ठिकाणं घातली: शाळेचं अंगण, मासेमारीच्या होड्या ओढतात ती जागा, दफनभूमीचं तोंड, त्रू शनीची जुनी वाट. आम्ही ती निवडली नसती, कारण तिथून फोटो काही खास येत नाही. पण गाव डोंगराकडे पाहतं ते तिथून.

पुढच्या हंगामासाठी: त्रोकेशियाच्या फांद्यांची कलमं रोपवाटिकेत, फुर्क्रेयाची दुसरी कापणी पावसाआधी, जास्वंदीच्या बदल्यात द्यायची देशी रोपं तयार ठेवणं, क्रूसाखालच्या वळणावरचे दोन दगड. मार्चच्या बैठकीत नकाशा मांडायचा आहे. होड्यांच्या जागेवरून घेतलेला फोटो दुपारचा आहे, त्यात कडा उन्हात विरघळतो. तो सकाळी परत घ्यायचा.